यादीत नाव आहे, शोधलं की नाही!

ज्यांना कानात बडबड ऐकण्यापेक्षा बसमध्ये, रांगेत उभं राहून वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलतानाचे 'म्हणजे काय तर' थोडे गाळलेत, बाकी बोलणं जसंच्या तसं. कमांड्स मी तोंडी सांगतो तशाच इथेही मराठी अक्षरांत आहेत.

मागच्या महिन्यात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, वेगवेगळ्या शब्दांत. 'दादा, लिनक्स अपग्रेड करायचंय, पण डेटाबेस जुना आहे. डेटाबेसचं व्हर्जन तेच ठेवून फक्त लिनक्स वर नेलं तर चालेल ना?' आणि बहुतेकांनी स्वतःच पुढे लिहिलंय, 'चालायला हरकत नसावी.'

मलाही २०२३ साली हेच वाटलं होतं.

मी राहतो रेवदंड्याला. कुंडलिका खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे. पलीकडे साळावचा पूल, समोर कोर्लईचा किल्ला. माझं नोकरीचं काम घरूनच चालतं, पण आमच्या पट्ट्यातल्या एका मच्छीमार सोसायटीला मी खूप वर्षांपूर्वी एक छोटा प्रोग्राम करून दिलाय. सोसायटीचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, माझी होती. प्रोग्राम साधा: सभासद कोण, कोणाची कुठली बोट, मंजूर डिझेल कोटा किती, आज किती लिटर दिलं. यंत्रावर चालणाऱ्या बोटींना डिझेलवरच्या कराचा परतावा सरकारकडून मिळतो, तो मागायचा तर प्रत्येक लिटरची नोंद लागते. म्हणजे ही वही नाही, हा लोकांचा पैसा आहे.

मशीन म्हणजे ऑफिसातला एक सेकंडहँड डेस्कटॉप. त्यावर उबुंटू १८.०४ आणि पोस्टग्रेस १०. पाच वर्षं कुरकुर न करता चाललं.

बरं, एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, पुढे लागेल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, नारळ-पोफळी गेल्या, कित्येक दिवस वीज नव्हती. तेव्हापासून सोसायटीत कारकुनी बघणाऱ्या ताईंनी नियम केला: दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सगळ्या सभासदांची यादी छापून फायलीत लावायची. मी हसलो होतो तेव्हा. म्हटलं ताई, बॅकअप आहे की. त्या म्हणाल्या, 'तुझ्या बॅकअपला वीज लागते.'

तर २०२३. उबुंटू १८.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे महिन्याच्या शेवटी संपला. सुरक्षेचे पॅच यायचे थांबणार, म्हणून वर जायला हवं होतं. आमच्याकडे अशा कामाला एकच मोसम. जून आणि जुलै मासेमारी बंद, बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, डिझेलचा पंप शांत. जूनच्या शेवटच्या आठवड्यात बसलो आणि १८.०४ वरून २०.०४ वर गेलो.

डेटाबेसला मात्र हात लावला नाही. मुद्दाम. वाटलं, एका वेळी एकच गोष्ट बदलावी. उबुंटू २०.०४ सोबत पोस्टग्रेस १२ येतो. तो आला, आणि जुन्या १० च्या शेजारी बसला. डेबियन आणि उबुंटूवर ही सोय छान आहे, दोन आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतात. जुनी आपल्या ५४३२ पोर्टवर, नवी ५४३३ वर. 'पीजी अंडरस्कोर एल-एस-क्लस्टर्स' म्हटलं की दोन्ही दिसतात. (पुष्कळांची पहिली घाबरगुंडी इथेच उडते. चुकून नव्या पोर्टला जोडले जातात, आत काहीच नाही, आणि 'डेटा उडाला' म्हणून मला रात्री बाराला मेसेज करतात. उडालेला नसतो. शेजारच्या खोलीत असतो.)

माझा प्रोग्राम जुन्या १० लाच जोडलेला राहिला. उघडला, चालला. चार नावं शोधून बघितली, सापडली. यादी छापली, बरोबर आली. मी खूश. घरी येऊन जेवलो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मोसम सुरू झाला. बर्फ, डिझेल, शिधा, सगळ्यांची एकच घाई. सकाळी सातला ताईंचा फोन. एका नाखवांचं खातं सापडत नाहीये. मी म्हटलं नंबर नीट टाका. त्या म्हणाल्या, 'अकरा-दोन. तीनदा टाकला.' मला मीटिंगला जायचं होतं. म्हटलं, 'नसेल तर नवीन टाका, मी नंतर बघतो.'

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

त्यांनी नवीन टाकलं. कॉम्प्युटरने काही कटकट न करता घेतलं. पण मंजूर कोटा होता जुन्या खात्यावर. नव्यावर शून्य. म्हणून पंपावर डिझेल मिळेना. नाखवा सत्तरीचे, मला लहानपणापासून ओळखतात. फोन घेऊन म्हणाले, 'बाला, कागदावर माजा नाव हाय. आन तुजा कंप्युटर सांगतो मी नाय?' त्या दिवशी त्यांची बोट निघाली नाही. दुसऱ्या दिवशी हाताने चिठ्ठी लिहून डिझेल दिलं, मग निघाली.

संध्याकाळी मी ऑफिसात गेलो आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट केली. बघितलं तर ११-२ नावाची दोन खाती. मी ताईंना म्हटलं, 'तुम्ही डबल एंट्री केलीये. आधीचं होतं की.' त्या काही बोलल्या नाहीत. फायलीतून १ ऑगस्टची छापील यादी काढली, ११-२ वर बोट ठेवलं. मग माझ्यासमोर कॉम्प्युटरवर ११-२ शोधलं. आलं एकच, त्यांनी टाकलेलं नवीन. जुनं नाही. यादी छापा म्हटलं की दोन्ही येतात, शोधा म्हटलं की एकच.

आणि आणखी एक. खाते क्रमांकावर मी 'युनिक' अट घातलेली होती. एकच नंबर दोनदा टाकताच येऊ नये, म्हणून तर ती असते. पोस्टग्रेससारखा डेटाबेस ही अट मोडू देतो हे मला कोणी सांगितलं असतं तर मी पैज लावली असती.

आता हे कसं झालं ते सांगतो. इथे जरा हळू जाऊ या, कारण इथेच सगळी मेख आहे.

शाळेत वर्णमाला म्हटलीये ना? शेवट आठवा. श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ. आपल्या शब्दकोशात ळ हा ह च्या नंतर. पण युनिकोडच्या तक्त्यात ळ चा नंबर ल च्या लगेच पुढे लागतो, व च्या आधी. दोन्ही ठिकाणी अक्षर तेच, क्रम वेगळा. (आमच्याकडे बोलताना तर ळ चा ल च होतो, म्हणून तर मी 'बाला'. तो भाग वेगळा.) समजा एक जाडजूड शब्दकोश जुन्या क्रमाने छापलाय आणि तुम्हाला शिकवला नवा क्रम. तुम्ही शब्द शोधायला पुस्तक मध्येच उघडता, डावीकडे जायचं की उजवीकडे ते क्रमावरून ठरवता, आणि चुकीच्या बाजूला जाता. पानं उलटून शेवटी म्हणता, 'हा शब्द यात नाही.' शब्द असतो. पुस्तक पहिल्या पानापासून वाचत गेलात तर सापडेलही. पण तसं कोण वाचतं?

डेटाबेसची इंडेक्स म्हणजे हे मध्येच उघडायचं पुस्तक. इंजिनिअरिंगला ज्यांनी सिल्बरशात्झ, कोर्थ आणि आपल्या आयआयटी मुंबईचे प्राध्यापक सुदर्शन यांचं जाडं पुस्तक परीक्षेच्या आदल्या रात्री उघडलंय, त्यांना त्यातलं बी-प्लस झाड आठवत असेल. मलाही आठवत होतं. पण त्या झाडाच्या मुळाशी एक गृहीत आहे, त्याकडे मी कधी बघितलं नव्हतं: दोन शब्दांत आधी कोण, हे काल आणि आज सारखंच असलं पाहिजे.

आणि 'आधी कोण' हे पोस्टग्रेस स्वतः ठरवत नाही! निदान माझ्या मशीनवर ठरवत नव्हता. तो लिनक्सला विचारतो. लिनक्समध्ये जीलिबसी नावाची एक पायाभूत लायब्ररी असते, जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम तिच्यावर उभा असतो. मजकुराचा क्रम लावायचे नियम तिच्यात असतात. १ ऑगस्ट २०१८ ला जीलिबसी २.२८ बाहेर आली आणि तिने हे नियम एका आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीप्रमाणे बदलले. बदल चुकीचा नव्हता. उलट नवे नियम जास्त बरे आहेत. पण बदलले.

उबुंटू १८.०४ मध्ये जीलिबसी होती २.२७. २०.०४ मध्ये २.३१. म्हणजे मी एका उडीत ती रेघ ओलांडली. डेबियन ९ वरून १० वर गेलेले, रेडहॅट ७ वरून ८ वर गेलेले, सगळ्यांनी हीच रेघ ओलांडली.

आता माझे खाते क्रमांक. सोसायटीत सभासदांचे बारा गट, म्हणून क्रमांक असा: गट, आडवी रेघ, अनुक्रम. पहिल्या गटातला पंधरावा म्हणजे १-१५. अकराव्यातला दुसरा म्हणजे ११-२. (कॉम्प्युटरात इंग्रजी आकडे आहेत, इथे मराठीत लिहितोय.) जुने नियम ती आडवी रेघ आधी दुर्लक्षित करत. म्हणजे १-१५ झालं ११५ आणि ११-२ झालं ११२. मग आधी कोण? ११-२. नव्या नियमात रेघेला किंमत आहे आणि ती आकड्यांच्या आधी येते. मग आधी कोण? १-१५. उलटं झालं.

इंडेक्स डिस्कवर जुन्या क्रमाने लिहिलेली. शोधणारा नव्या क्रमाने शोधतो. मध्ये उघडलं, १-१५ दिसलं, 'मला ११-२ हवंय, ते याच्या पुढे असणार' म्हणून उजवीकडे गेला. ते होतं डावीकडे. उत्तर: नाही.

युनिक अटही हेच पुस्तक बघून सांगते, 'असा नंबर आधी आहे का?' तिलाही सापडला नाही, तिने नवा घेतला. यादी छापताना मात्र टेबल पहिल्या ओळीपासून वाचलं जातं, इंडेक्स लागतच नाही, म्हणून तिथे सगळे हजर. आणि मी जूनमध्ये तपासायला घेतलेली चार नावं योगायोगाने अशी होती की ती सापडत होती. सगळीच खाती हरवली असती तर मला त्याच रात्री कळलं असतं. थोडीच हरवली, म्हणून महिनाभर कळलं नाही.

लॉगमध्ये एक ओळ नाही. एरर नाही. पोस्टग्रेस १० ला बिचाऱ्याला ठाऊकच नाही की खालची लायब्ररी बदलली. १३ पासून लायब्ररीच्या आवृत्तीची नोंद काही ठिकाणी ठेवायला लागले, आणि २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या १५ पासून अख्ख्या डेटाबेससाठी नोंद होते. आता जोडलं की स्पष्ट इशारा येतो, 'कोलेशन व्हर्जन मिसमॅच'. कोलेशन म्हणजे हाच तो क्रम लावायचा नियम. तुम्हाला तो इशारा दिसला तर कृपा करून पुढे ढकलू नका. एक कमांड आहे, 'ऑल्टर डेटाबेस, रिफ्रेश कोलेशन व्हर्जन', ती दिली की इशारा गप्प होतो. पण ती नुसती वहीतला नंबर बदलते, इंडेक्स दुरुस्त करत नाही. आधी री-इंडेक्स, मग ही. उलट केलंत तर धूर तसाच, अलार्मची बॅटरी तेवढी काढलीत.

मला हे सगळं त्या रात्री एकदम कळलं असं नाही. आधी डिस्क खराब आहे का बघितलं. मग शोधाच्या क्वेरीत खाते क्रमांकाला एक रिकामी स्ट्रिंग जोडून बघितलं. असं केलं की इंडेक्स वापरता येत नाही, टेबल पूर्ण वाचावं लागतं. आणि दोन्ही ११-२ समोर आले! तिथे दिवा लागला की दोष टेबलात नाही, इंडेक्समध्ये आहे. पोस्टग्रेससोबत 'एएमचेक' नावाचं एक्स्टेन्शन येतं, ते इंडेक्सचा क्रम तपासतं. त्याने सांगितलं, क्रमाचा नियम मोडलाय. मग 'एल-डी-डी, डॅश डॅश व्हर्जन' करून जीलिबसीचा आकडा बघितला आणि डोक्याला हात लावला.

दुरुस्ती करायला गेलो तर तीही सरळ नाही. री-इंडेक्स म्हटलं, तर नकार. का? कारण आता खरोखरच दोन ११-२ होते, युनिक इंडेक्स बांधणार कशी? आधी असे जुळे शोधायचे. तेही इंडेक्सचा वापर बंद करून, नाहीतर तीच आंधळी इंडेक्स पुन्हा फसवणार. सेटिंगमध्ये इंडेक्स स्कॅन, इंडेक्स ओन्ली स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन तिन्ही बंद केले आणि मोजले. सात खाती दुहेरी निघाली. सात बोटी. काहींच्या नव्या खात्यावर आठवडाभराचं डिझेल चढलेलं. ते एकेक करून जुन्या खात्यात वळवलं. ताई छापील यादी आणि पंपाच्या पावत्या घेऊन शेजारी बसल्या, मी टाइप करत गेलो. रात्री दोन वाजले. त्यांच्या घरून दोनदा फोन आला.

माफी मी त्याच रात्री मागितली. त्या म्हणाल्या, 'राहू दे, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांग.' सांगितलं. बोट एक दिवस थांबली त्याबद्दल नाखवांनाही घरी जाऊन सांगितलं. त्यांनी चहा दिला, बोलले काही नाहीत. ते न बोलणं मला जास्त लागलं.

सात खाती निस्तरल्यावर मी सगळा डेटा पीजी-डंपने काढून पोस्टग्रेस १२ मध्ये भरला. डंपमध्ये इंडेक्स नसते, इंडेक्सची फक्त कृती असते. भरताना ती नव्या नियमांनी नव्याने बांधली जाते, म्हणून हा रस्ता सुरक्षित. लहान डेटाबेस असेल तर हाच घ्या, कंटाळा करू नका. 'पीजी-अपग्रेड' वापराल तर तो फायली तशाच उचलतो, झटकन होतं, पण जुनी इंडेक्सही तशीच येते. त्यानंतर री-इंडेक्स करावंच लागतं, जर खालचं लिनक्स बदललं असेल तर. आणि डंप काढताना नव्या आवृत्तीचा पीजी-डंप वापरा. नवा डंप जुन्या सर्व्हरचं बोलणं समजतो, जुना डंप नव्या सर्व्हरपुढे हात वर करतो आणि 'सर्व्हर व्हर्जन मिसमॅच' म्हणून थांबतो. निदान तो सांगून थांबतो.

एवढं ऐकून कोणी म्हणेल, आम्ही डॉकर वापरतो, आम्हाला काय. तुम्हाला जास्त! डॉकरच्या इमेजच्या पोटातही एक लिनक्स असतं. तुम्ही फाइलमध्ये नुसतं 'पोस्टग्रेस १६' लिहिता, उद्या त्याच नावाच्या इमेजखालचं डेबियन बदलतं, पुढच्या पुलमध्ये तुमच्याकडे येतं, आणि डेटाचा व्हॉल्यूम मात्र जुना. म्हणून टॅगमध्ये डेबियनचं नावही लिहा, 'सोळा डॅश बुकवर्म' असं. आणि डेबियनवाली इमेज चालू असताना साइझ वाचवायला अल्पाइनवाली लावू नका. अल्पाइनमध्ये जीलिबसीच नाही, मसल नावाची दुसरी लायब्ररी आहे, तिचा क्रम वेगळा. पन्नास-शंभर एमबी वाचतील आणि इंडेक्स जाईल. रेप्लिका ठेवणाऱ्यांनाही तेच: मुख्य सर्व्हर जुन्या लिनक्सवर आणि प्रत नव्या लिनक्सवर, असा संसार मांडू नका.

मायएसक्यूएलवाले हसत असतील तर त्यांच्यासाठी पण आहे. मायएसक्यूएल स्वतःचे नियम स्वतःच्या पोटात बाळगतो, त्यामुळे लिनक्स बदलल्याने त्याचं हे असं होत नाही. ही त्याची चांगली बाजू. पण त्याची स्वतःची आवृत्ती बदलली की नियमांचा डीफॉल्ट बदलतो. ५.७ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, बरेच जण ८.० वर गेले. ८.० मध्ये नव्या टेबलांना मिळणारं कोलेशन वेगळं, 'यूटीएफ-८-एमबी-४, ०९००, ए-आय, सी-आय'. जुनी टेबलं जुन्या नियमावर राहतात, नवी नव्यावर, आणि दोघांना जोडणारी क्वेरी टाकली की 'इल्लीगल मिक्स ऑफ कोलेशन्स'. ८.० चा डंप जुन्या मारियाडीबीत भरायला गेलात तर 'अननोन कोलेशन'. हे दोन एरर मला इतके स्क्रीनशॉट येतात की त्यांचा एक अल्बम होईल.

यात मराठीची एक गंमत आहे. कऱ्हाडे हे आडनाव घ्या. त्यातला तो अर्धा, पापणीसारखा र दोन प्रकारे टाइप होतो. कोणी ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, कोणी साधा र, हलंत आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. फोनवर दोन्ही सारखेच दिसतात. जुन्या 'जनरल सी-आय' नियमात ही दोन वेगळी आडनावं. नव्या ०९०० नियमात ऱ आणि र एकच मानले जातात आणि ते अदृश्य चिन्ह मोजलंच जात नाही, म्हणजे दोन्ही एक. शोधायला हे छानच आहे. पण नावाच्या कॉलमवर युनिक अट असेल आणि तुम्ही टेबल नव्या नियमावर वळवलंत, तर कालपर्यंत वेगळे असलेले दोन कऱ्हाडे आज 'डुप्लिकेट एंट्री' म्हणून भांडतील. इथे निदान मायएसक्यूएल भांडतो. गप्प बसत नाही.

आणि हो, तुमच्या हातातला फोन. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सच आहे, आणि कॉन्टॅक्ट्सपासून व्हॉट्सॲपच्या चॅटपर्यंत सगळं एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसात. सेटिंगमध्ये जाऊन फोनची भाषा इंग्रजीवरून मराठी केलीत कधी? अँड्रॉइडच्या डेटाबेस फाइलमध्ये एक छोटं टेबल असतं, 'अँड्रॉइड मेटाडेटा'. त्यात शेवटची भाषा लिहिलेली असते. ॲपने डेटाबेस उघडला आणि भाषा बदललेली दिसली, की सिस्टम भाषेवर अवलंबून असलेल्या इंडेक्सेस पुन्हा बांधून घेते. तुम्हाला कळतही नाही. मी ते कोडमध्ये पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा रागच आला स्वतःचा. दहा हजारांच्या फोनला जे सुचतं, ते मला सुचलं नव्हतं.

आता कायमचा इलाज काय, हे विचारणार तुम्ही. माझ्यापुरतं सांगतो. खाते क्रमांक, बोटीचा क्रमांक, फोन नंबर, असल्या गोष्टींना भाषेचा क्रम लागतच नाही. त्या कॉलमना मी 'सी' कोलेशन लावलं. ते नुसते बाइट बघतं, कुठलीही लायब्ररी बदलली तरी हलत नाही, आणि वेगवानही आहे. नावांच्या कॉलमना आयसीयू कोलेशन लावलं, मराठीचं. यादी छापताना ळ ह च्या नंतर येतो, शाळेसारखा. आयसीयूचे नियमही आवृत्तीप्रमाणे बदलू शकतात, पण पोस्टग्रेस त्यांची नोंद १० पासूनच ठेवतो, बदलले तर ओरडतो. पोस्टग्रेस १७ पासून तर स्वतःच्या पोटातलं 'सी-यूटीएफ-८' मिळतं, लिनक्सला विचारायचं कामच नाही. नवीन डेटाबेस आज बनवत असाल तर सरळ तिथून सुरुवात करा.

'ॲप्ट-मार्क होल्ड' करून डेटाबेसचं पॅकेज गोठवणाऱ्यांना एक विचारतो: तुम्ही नक्की काय गोठवलंत? वरचं नाव गोठलं. खालची जीलिबसी वाहतेच आहे. अपग्रेडच्या आधी माझ्या वहीत आता तीन आकडे असतात. लिनक्सचा, डेटाबेसचा, जीलिबसीचा. चौथा आयसीयूचा, वापरत असाल तर.

सध्या सोसायटीचं मशीन उबुंटू २२.०४ आणि पोस्टग्रेस १४ वर आहे. १४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२६ ला संपतो. म्हणजे त्याआधीच्या पावसाळ्यात, बोटी वर आल्या की, पुन्हा बसायचं. या वेळी तपासणी मी करणार नाहीये. ताईंनी सांगून ठेवलंय: छापील यादीतली कुठलीही वीस खाती त्या निवडणार, त्या स्वतः शोधणार, आणि पहिलं खातं ११-२ असणार. त्या 'झालं' म्हणेपर्यंत मी घरी जायचं नाही.

तुमच्याकडे आत्ता उघडं टर्मिनल असेल तर 'एल-डी-डी, डॅश डॅश व्हर्जन' टाकून बघा आणि आकडा मला कमेंटमध्ये कळवा. २.२८ च्या खाली असेल तर अपग्रेड करायच्या आधी कळवा, नंतर नको. चला, भेटू पुढच्या भागात.